राऊतांचे अर्धे सिनेमे

देवेश राऊत आमच्या विरारच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहेत आणि मी तिथली लायब्ररी सांभाळते. एकोणीस वर्षं आम्ही दुपारचा डबा लायब्ररीच्या मागच्या खोलीत एकत्र खातो. मी नंदाखालची, ते वटारचे. लग्नानंतर विरारला फ्लॅट घेतला तरी त्यांचं गाव काही सुटलं नाही. वटारला आई असते, चाफ्याची आणि केळीची लहानशी वाडी आहे. दर रविवारी सकाळी वाडीत जाऊन यायचं, हा त्यांचा नेम.

माणूस भित्रा नाही, हे आधीच सांगते. लॅबच्या माळ्यावर एकदा धामण निघाली. एचओडी टेबलावर चढले आणि राऊतांनी तिला पोत्यात घालून, स्कूटरवर पुढे ठेवून, खाडीकडे सोडून दिली. परत येऊन हात धुतले आणि राहिलेला डबा खाल्ला. भुताखेताचं तर त्यांना हसूच येई. त्यांची मुलगी ऋतिका, अंधेरीला एका जाहिरात कंपनीत नोकरी करते, तिनं गेल्या वर्षी वडिलांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. टीव्हीवर भयपट लावायचा, समोर बाबांना बसवायचं आणि त्यांचं बोलणं टिपायचं. पडद्यावर बाई छताला उलटी चिकटलेली असायची आणि राऊत म्हणायचे, "हिच्या साडीला खाली पडायला काय झालंय? गुरुत्वाकर्षण फक्त पदराला लागू नाही का?" लोकांना ते आवडायचं. आमची मुलं त्यांना लॅबमध्ये "सर, पदर" म्हणून चिडवायची आणि ते खूश असायचे.

पण एक गोष्ट होती. ती त्यांच्या बायकोला, मेघनाला, सोडून कोणालाच ठाऊक नव्हती.

राऊत दहा वर्षांचे असताना त्यांचा धाकटा भाऊ श्रीरंग घरामागच्या बावखलात बुडाला. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं तळं, पाणी शिंपायला असतं, पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेलं. श्रीरंग सहा वर्षांचा होता. घरच्यांना वाटलं तो एकटाच गेला. पण राऊत त्याच्याबरोबर होते. त्यांनी काठावर पालथं पडून त्याचा हात धरला होता, बराच वेळ. मग हात सुटला. ते पळत केळीत जाऊन बसले आणि सगळे हाका मारायला लागल्यावरच बाहेर आले. "तू कुठं होतास?" असं कोणी विचारलंच नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. आईला नाही, वडिलांना नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मेघनाला सांगितलं.

सांगायची वेळ सिनेमामुळेच आली. थिएटरात एका दृश्यात एक मूल नदीत पडलं आणि राऊतांच्या तोंडून आवाज निघाला. मोठ्या माणसाचा नाही, लहान पोराचा, बारीक. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. मेघनानं त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं, आणि तिथं ते सगळं बोलले.

त्या दिवसापासून मेघनानं ते काम स्वतःकडे घेतलं. सिनेमाला जायच्या आधी ती कुणाला तरी विचारून घ्यायची, कुठं पाणी आहे, कुठं मूल आहे. ती जागा जवळ आली की म्हणायची, "अहो, जरा वेफर्स आणता का?" राऊत उठायचे. कधी एकदा, कधी तीनदा. परत येईपर्यंत ते दृश्य संपलेलं असायचं. काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. ऋतिका लहानपणी म्हणायची, बाबांना सिनेमापेक्षा खायलाच जास्त आवडतं. पंचवीस वर्षं हे असं चाललं. राऊत मला एकदा म्हणाले होते, "मर्सी मॅडम, मी आयुष्यात सगळे सिनेमे अर्धेच पाहिलेत." मी ते विनोदच समजले होते.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते वाडीतून आले, जेवले, आणि ऋतिकानं टीव्ही लावला. त्या दिवशी फोन स्टँडवर नव्हता. ती म्हणाली, "आज शूट नाही, बाबा, नुसतं बघू या." सिनेमा नवीन होता, विहिरीतल्या एका मुलीचं भूत. नाव वाचून राऊतांनी स्वयंपाकघरात जाऊन मेघनाला हळूच विचारलं, "यात काही नाही ना गं?"

"काही नाही हो," ती म्हणाली. "मी विचारलंय. बसा तुम्ही."

ते बसले. मेघना शेजारी बसली. चाळीसेक मिनिटांनी ते दृश्य आलं. विहिरीत एक मूल, वरून कोणीतरी त्याचा हात धरलेला. कोणीही त्यांना वेफर्स आणायला पाठवलं नाही.

पुढचं त्यांना नीट आठवत नाही. बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत होते आणि मेघना दारात टॉवेल घेऊन उभी होती, एवढंच. ती म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं हो." तिचा चेहरा इतका उतरला होता की उलट राऊतांनीच तिची समजूत काढली. "जाऊ दे गं. पंचवीस वर्षांत एकदा चुकलं, तर काय झालं."

मंगळवारी ते लॅबमध्ये शिरले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी फोनवर तो आवाज वाजवला. तो बारीक, पोराचा. सगळा वर्ग हसला. राऊतांनी प्रॅक्टिकल पूर्ण घेतलं, रीडिंग तपासली, सह्या केल्या. मग लायब्ररीत आले.

"मर्सी मॅडम, तो व्हिडिओ तुमच्याकडे आहे?"

होता. आमच्या बायकांच्या ग्रुपवर सोमवारीच आला होता. मथळा होता, 'अखेर बाबांची फाटली!' वर ढोलकीचं संगीत चढवलेलं. मी तो पाहिला होता आणि हसले होते. इतकी हसले की बहिणीलाही पाठवला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या दिवशी त्यांनी विचारलं, "हसलात?" आणि मी खरं ते सांगितलं, "हो."

"तुम्हाला काय माहीत," ते म्हणाले आणि फोन हातात घेतला.

फोन टीव्हीखालच्या कपाटात पुस्तकांच्या आड ठेवला होता, हे चित्रावरून कळत होतं. राऊत दिसत होते, शेजारी मेघना. त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्वतःकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना ते मध्येच थांबले, बोटानं मागे नेलं, परत लावलं.

"इथं बघा," ते म्हणाले.

विहिरीचं दृश्य यायच्या थोडं आधी मेघना टीव्हीकडे बघत नव्हती. ती थेट फोनकडे बघत होती. मग ती सोफ्यावर वीतभर बाजूला सरकली. नवरा नीट मध्यभागी यावा म्हणून.

"ती सरकली," राऊत म्हणाले. डबा त्यांनी तसाच पिशवीत ठेवला.

संध्याकाळी घरी काय झालं ते त्यांनी मला पुढच्या आठवड्यात सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "तुला माहीत होतं?"

मेघना आधी नाही म्हणाली, मग रडली. ऋतिकाच तिच्या मागे लागली होती. लोक कंटाळलेत, बाबा घाबरतच नाहीत, आई, बाबा कशाला घाबरतात ते तरी सांग. मेघनानं सांगितलं, पाण्यातल्या सीनला. का, ते सांगितलं नाही. "श्रीरंगचं नाव मी काढलं नाही हो, शप्पथ. मला वाटलं दोन मिनिटांचं काम, पोरीचं मन राहील. आणि किती वर्षं झाली त्याला! प्रत्येक सिनेमाचं मी आधी लोकांना विचारायचं, घड्याळ बघायचं, तुम्हाला उठवायचं. मला कधीतरी तुमच्याबरोबर एक अख्खा सिनेमा बघायचा होता."

"मग तसं म्हणायचंस," राऊत म्हणाले. "म्हणायचंस, की मी दमले. मी सिनेमे सोडले असते. मी तुला विचारलं होतं, मेघना. स्वयंपाकघरात येऊन विचारलं होतं."

दारात ऋतिका उभी होती. "श्रीरंग कोण?" तिनं विचारलं. व्हिडिओखाली शेकडो लोकांनीही हेच विचारलं होतं, कारण ढोलकीच्या खाली राऊतांचे शब्द ऐकू येत होते: "श्रीरंग, हात नको सोडू." राऊतांनी मुलीला तिथंच सगळं सांगितलं. ती जमिनीवर बसली. व्हिडिओ तिनं त्याच वेळी काढून टाकला, पण तोवर तो दुसऱ्यांनी उचलून आपापल्या नावानं टाकला होता. आजही कुठं ना कुठं फिरतोच आहे.

तो वटारलाही पोचला. शेजारच्या सुनेनं कौतुकानं आजीला दाखवला, "बघा, तुमचा देवेश फोनमध्ये." राऊतांच्या आई यमुनाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, डोळे अधू, पण कान तिखट. चित्र त्यांना दिसलं नाही. त्यांनी ऐकलं.

रविवारी राऊत वाडीत गेले तेव्हा त्या ओसरीवर परातीत चाफ्याच्या कळ्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू होतास तिथं."

"होतो, आई."

"त्रेचाळीस वर्षं मला वाटत आलंय की माझं पोर एकटं गेलं. रोज वाटतंय."

राऊत सांगत होते, की त्या क्षणी त्यांना वाटलं आई आता घराबाहेर काढेल, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं. पण यमुनाबाईंनी विचारलं, "काही बोलला का तो? शेवटी?"

"म्हणाला, दादा, माझी चप्पल गेली. तेच परत परत म्हणत होता."

यमुनाबाई म्हणाल्या, "निळी होती. वसईच्या बाजारातून आणलेली." आणि परातीवर हात तसेच ठेवून रडल्या. राऊत त्यांच्याजवळ बसून राहिले. मला सांगताना म्हणाले, "आईशी बोलायचं ते माझं मी बोलायला हवं होतं, मर्सी मॅडम. कधीतरी बोललोही असतो. ते माझं होतं. ते असं ढोलकी लावून तिच्या कानावर जायला नको होतं."

आता ते शुक्रवारी कॉलेजातून थेट वटारला जातात आणि सोमवारी तिकडूनच येतात. ऋतिकानं ते व्हिडिओ सगळेच बंद केले. ती कधीकधी वडिलांबरोबर जाते, आजीला फुलं तोडायला मदत करते, आणि तिच्याशी ते पूर्वीसारखं बोलतात. तिला श्रीरंगचं माहीत नव्हतं, एवढं त्यांना पुरतं. मेघनाशी भांडण नाही. भाजी काय आणायची, गॅसचा नंबर लावला का, लाइटबिल आलं का, सगळं बोलणं होतं. फक्त ती काही सांगायला लागली की, मग ते पावसाचं का असेना, ते आधी तिच्या तोंडाकडे नीट बघतात. "मला बघायचं नसतं," ते म्हणाले, "पण बघितलं जातं."

मागच्या महिन्यात एका शनिवारी मेघना एकटीच बसनं वटारला गेली. उकडीचे मोदक केले होते, राऊतांना आवडतात म्हणून. यमुनाबाईंनी तिला आत घेतलं, चहा केला, मोदक खाल्ले, चांगले झालेत म्हणाल्या. राऊत मागे चाफ्याला पाणी लावत होते. आईनं दोनदा हाक मारली. ते "आलो" म्हणाले, आणि एक आळं भरलं की दुसऱ्याकडे पाणी वळवत राहिले. मेघना चार वाजेपर्यंत थांबली. मग डबा तिथंच ठेवून सव्वाचारच्या बसनं विरारला परत गेली.