जावंच लागतं

सिडनीला नातवंडांकडे आले आणि लॉकडाऊनमध्ये तिथल्या टूनगॅबी उपनगरातच अडकले. तिथल्या पार्कात एक म्हातारबुवा रोज भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मास्कमुळे चेहराही अर्धाच ठाऊक. मूळचे झांझिबारचे. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून गप्पा छान जमायच्या.

शुक्रवारी मात्र ते इस्त्रीचा पांढरा झगा घालून, अत्तर लावून गुडघेदुखीमुळे बाकाच्या टोकाला बसूनच नमाज पढायचे. मशीद बंद होती, तरीही. मी खोडी काढली, "घरीच करा की नमाज. देवाला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत, सिस्टर. मला पडतो." झग्याची बाही सारखी करत ते म्हणाले, "माझे आजोबा गुलाम होते. शुक्रवारची मशिदीतली सामुदायिक नमाज गुलामावर बंधनकारक नसते, त्याचा वेळ मालकाचा ना. आजोबा मुक्त झाले आणि ती बंधनकारक झाली. मग मरेपर्यंत गावभर ऐकवायचे, 'मला जावंच लागतं.'"

कॉलेजात मी भारी स्वाभिमानी. देवापुढे वाकणं म्हणजे गुलामगिरी, असं वादसभेत ठणकावून बक्षीस मिळवलं होतं. आणि ते घेऊन सातच्या आत घरी पळत सुटले होते, वडील ओरडतील म्हणून.

मशीद उघडली त्या शुक्रवारी म्हातारबुवा पार्कातून ताडताड निघाले होते. गुडघेदुखी बहुधा बाकावरच ठेवलेली. मी मुद्दाम हाक मारली, "बसा की दोन मिनिटं."

ते थांबले नाहीत. हात उंच करून, सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही जमणार, सिस्टर. मला जावंच लागतं."