गोलामागचे नाना

मॅच बघायला आलेली माणसं आधी सावली शोधतात. कासारवाडीचे आमचे नाना मात्र भर उन्हात सरळ गोलामागे जाऊन उभे राहायचे. हात पाठीमागे बांधलेले, डोक्यावर कंपनीची निळी टोपी आणि नजर समोरच्या गोलकीपरच्या पाठीवर. मॅच संपेपर्यंत ते बसत नसत. कुणी मानाने खुर्ची आणून ठेवली, तर ती शेजारी तशीच तापत राहायची.

नाना मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी आपल्या पेठेच्या संघाचे गोलकीपर होते. त्या दिवसांची खूण म्हणून उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी राहिली होती, चहाचा कप धरला की ती बाजूला निघायची. नोकरीसाठी ते पिंपरीला आले, एका कारखान्यात मशीनवर लागले, पुढे सुपरवायझर झाले आणि कासारवाडीत रेल्वेलाइनजवळ त्यांनी दोन मजली घर बांधलं. वरच्या मजल्यावर मी भाडेकरू होतो. मी परभणीहून आलेला, म्हणून नानांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "परभणी, चला," एवढंच ते रविवारी सकाळी जिन्यातून म्हणायचे. त्यांचा मुलगा अभिजित बूट हातात घेऊन पुढे गेलेला असायचा. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण मी जायचो.

हे सामने म्हणजे भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांच्या टीमचे. शिफ्ट सांभाळून खेळणारी पोरं, मुरमाचं मैदान, फक्कीने मारलेल्या रेषा. बघायला मूठभर माणसं, त्यातली निम्मी घरचीच. अभिजित नानांच्या कंपनीकडून फॉरवर्डला खेळायचा आणि चांगला खेळायचा. पण म्हणून नाना त्याच टीमच्या गोलामागे उभे राहत, असं नव्हतं. दोघांपैकी जो कीपर घाबरलेला दिसेल, त्याच्या मागे ते जायचे. हाफटाइमला बाजू बदलल्या की मैदानाला वळसा घालून पुन्हा त्याच्याच मागे. आणि ओरडणं नाही. हळू आवाजात, जणू स्वतःशीच बोलल्यासारखं, "डावीकडं सरक", "घाई करू नको", असं चाललेलं.

समोरच्या टीमच्या पोराला कशाला शिकवता, असं मी एकदा विचारलं. अभिजितलाही ते कधीकधी खटकायचं. नाना म्हणाले, "सगळी टीम पुढं तोंड करून पळती. गोली मागं एकटा ऱ्हातो. त्याच्या मागं कुणीतरी पाहिजे, परभणी."

मग तो रविवार आला. मी ओव्हरटाइमला होतो, त्यामुळे जे कळलं ते इतरांकडून. अभिजितच्या टीमला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आत आला, अभिजित हेड करायला उडाला आणि समोरच्या टीमचा कीपर प्रवीण चेंडू घ्यायला गोल सोडून बाहेर आला. दोघांची टक्कर झाली. प्रवीणचं कोपर अभिजितच्या कानशिलाला लागलं. अभिजित खाली पडला, उठला, हसला आणि पुढे खेळलासुद्धा. घरी येऊन जेवला नाही, डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला. दुपारी त्याच्या आईने, काकूंनी, चहाला उठवलं तेव्हा तो उठला नाही. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर चार दिवसांनी तो गेला.

चूक कुणाचीच नव्हती, असं सगळेच म्हणाले. दोघांचीही नजर चेंडूवर होती. पण अशा बोलण्याने काही होत नाही, पाठीमागे लोक प्रवीणलाच बोल लावत राहिले. तेराव्याला प्रवीण आला होता. चाकणच्या पलीकडच्या एका गावचा, शांत, दणकट पोरगा. तो फाटकाबाहेर उभा राहिला. नानांनी खिडकीतून त्याला पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांनी त्याला आत बोलावलं नाही. बराच वेळ उभं राहून तो गेला.

त्यानंतर नानांनी मैदान सोडलं. रविवारी सकाळी ते अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत बसायचे आणि मी जिना उतरलो की मान वर करत नसत. प्रवीणनेही खेळणं सोडल्याचं ऐकलं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या टीमला दुसरा कीपर मिळेना, म्हणून त्याला ओढून आणलं. आणि नेमकी नानांच्या कंपनीशीच त्यांची मॅच लागली.

त्या सकाळी नाना टोपी घालून फाटकाशी उभे होते. काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "आज ते पोरगं खेळणार हाय म्हणं. ह्यांनी कालपासनं धड खाल्लं न्हाई. तू संगं जा, आणि तिथं काय व्हायला लागलं तर ह्यांना घेऊन ये," असं त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

माझ्या मोटरसायकलवरून आम्ही निघालो. नाशिक फाटा, मोशी मागे पडलं. इंद्रायणीचा पूल ओलांडला, पुढे कंटेनरच्या रांगेत अडकलो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो चाकण येईपर्यंत काढला नाही. त्यांच्या मनात काय आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मैदानावर पोचल्यावर ते थेट प्रवीणच्या गोलामागे गेले. प्रवीणने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. सगळ्या मैदानाला ते दिसलं. नानांच्या कंपनीची पोरं जागच्या जागी थांबली. मी नानांच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो, वेळ आलीच तर त्यांना धरता यावं म्हणून.

मॅच सुरू झाली. मला खेळ कळत नसला तरी एवढं कळत होतं, की प्रवीण गोलची रेषा सोडत नाहीये. चेंडू त्याच्या हाताशी येण्यासारखा असला तरी तो खांबांच्या मधेच थांबायचा. असे दोन गोल त्याच्या डोळ्यांसमोर झाले. त्याच्याच टीमची पोरं वैतागून बोलू लागली. तो खाली मान घालून चेंडू आणायला जाळीत वाकायचा, तेव्हा त्याच्यात आणि नानांमध्ये फक्त ती जाळी असायची. तरी तो वर बघत नव्हता.

हाफटाइमला मी म्हटलं, नाना, चला आता घरी. त्यांनी मान हलवली आणि मैदानाला वळसा घालून ते पलीकडच्या गोलामागे जाऊन उभे राहिले.

मॅच संपत आली असताना नानांच्या कंपनीला कॉर्नर मिळाला. अभिजितच्या जागी खेळणारा उंच पोरगा मधे येऊन थांबला. चेंडू वर उडाला, आणि नाना ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना तेवढं एकदाच ऐकलं.

"प्रवीण, बाहेर ये. बॉल तुझा हाय."

तो आला. सगळ्यांच्या डोक्यांवरून उडून त्याने चेंडू दोन्ही हातांत घेतला. तो उंच पोरगा त्याला घासून बाजूला गेला, धडपडला आणि लगेच उठून उभा राहिला. प्रवीण मात्र चेंडू पोटाशी धरून मुरमात पडून राहिला. रेफ्री धावत आला. लागलं असेल असं वाटलं, पण तो रडत होता.

प्रवीणची टीम मॅच हरलीच. त्यानंतर प्रवीण नानांकडे आला. पाया पडायला वाकला, तर नानांनी त्याचे दोन्ही हात ग्लोव्ह्जसकट धरले. तो म्हणायला लागला, की काका, मी मुद्दाम न्हाई. नानांनी त्याला थांबवलं.

"मला ठावं हाय. त्या दिवशी बी मी तुझ्या मागंच उभा होतो. त्या दिवशी बी मीच म्हणलो होतो, बाहेर ये म्हणून. तू माझं ऐकलंस."

नानांनी तसं म्हटल्याचं मला ठाऊक नव्हतं, काकूंना ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं.

प्रवीण खाली बघत म्हणाला, "मला आयकू आलं व्हतं, काका. पन ते म्या कुनाला बोललो न्हाई."

"का रं?"

"तुमचं पोरगं गेल्यालं. वर त्ये कसं सांगायचं."

नानांनी त्याचे हात तसेच धरून ठेवले. वर्षभर लोकांचे बोल त्या पोराने ऐकून घेतले होते, आणि ज्या एका वाक्याने त्याचा भार हलका झाला असता ते त्याने गिळून टाकलं होतं. आणि ज्या शब्दांनी आपला मुलगा गेला असं नानांना वाटत होतं, तेच शब्द आज त्यांनी पुन्हा सगळ्या मैदानाला ऐकू जातील असे उच्चारले होते. या दोघांकडे बघताना मी फार लहान झालो होतो.

परतताना मोशीला चहासाठी थांबलो, तेव्हा नाना म्हणाले, "बॉल गोलीचाच होता, परभणी. तेव्हा बी. मी चुकीचं सांगितलं न्हवतं. पण एका धक्क्यात दोन पोरं जायची, हे काय मला सोसंना."

त्या संध्याकाळी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. मी वरच होतो. रडण्याचा आवाज आला नाही, भांड्यांचाही नाही. पुढे बरेच दिवस काकू नानांशी बोलत नव्हत्या. प्रवीण मात्र अधूनमधून येऊ लागला. तो ओट्यावर बसायचा. चहा नाना स्वतः आत जाऊन आणायचे. काकू बाहेर येत नसत, आणि नानांनी त्यांना कधी ये म्हटलं नाही.

नाना आता नाहीत. निवृत्तीनंतर घर विकून दोघं कोल्हापूरला गेली आणि तिथेच गेल्या पावसाळ्यात ते गेले. मी जाऊन आलो. पण मला त्यांची आठवण येते ती कासारवाडी सोडतानाची.

प्रवीण स्वतःचा टेम्पो घेऊन आला होता. सकाळपासून त्याने एकट्याने कपाट, पलंग, पिंपं उचलून चढवली. सगळं सामान लागल्यावर तो ओट्याच्या कडेला घाम पुसत बसला. स्वयंपाकघरातली शेवटची पेटी तेवढी राहिली होती. ती उचलायला मी आत जाणार, तोच काकू ताट घेऊन बाहेर आल्या. भाकरी, झुणका, कांदा. ताट त्यांनी प्रवीणच्या पुढ्यात ठेवलं आणि त्या तिथेच, त्याच्यासमोर बसल्या.

"हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "लांब जायचंय. पोटभर जेव."

तो नळाकडे गेला. नाना टेम्पोशी उभे होते. सामान आवळलेली दोरी त्यांनी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. प्रवीणचं जेवण होईपर्यंत ते तेच करत होते.