मास्तरांचा दुरुस्तीखर्च

मास्तर बिल हातात घेत आणि गुणगुणायला लागत. पेट्रोलपंपाच्या पावतीवरची अक्षरं वर्षभरात उडून गेलेली असत. त्या कोऱ्या, गुळगुळीत कागदाकडे ते डोळे बारीक करून पाहत राहत आणि मग ओठांतून एखादी चाल हळूहळू बाहेर येई. "ही अर्नाळ्याची. नवरी उशिरा आली, आम्ही एकच गानं परत परत वाजवत बसलो," असं सांगून ती पावती प्रवासखर्चाच्या गठ्ठ्यावर ठेवत. पुष्कळदा ते चुकत. उजेडात धरून पाहिलं की अर्नाळ्याची पावती घरच्या मिक्सरची निघे. तेव्हा ते हसून म्हणत, "असू दे. गानं तर वाजलं होतं."

वसईच्या किनाऱ्याकडच्या एका गावात त्यांचा ब्रास बँड होता. आठवडाभर वालीवच्या कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं, देवळाचे (तिथे चर्चला देऊळच म्हणतात) सण, कधी गणपतीची मिरवणूक, असं त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर बँडसाठी जुना टेंपो घ्यायचं त्यांच्या मनात आलं. बँकेनं आयकर रिटर्न मागितले, म्हणून ते गोखिवऱ्यातल्या माझ्या ऑफिसात आले. मी करसल्लागार, नुकतीच स्वतःची पाटी लावलेली. त्यानंतर दरवर्षी लग्नं आटोपली की एखाद्या दुपारी ते कापडी पिशवी घेऊन येत. टेबल त्यांना मानवत नसे. मी चटई अंथरायची. पंखा वर संथ फिरायचा, आणि कागद उडू नयेत म्हणून ते गठ्ठ्यांवर चष्म्याचं घर, किल्ल्या, माझा स्टेपलर असं काहीबाही ठेवायचे. खालच्या रस्त्यावरचे टेंपो, हॉर्न सगळं दूर कुठेतरी राहायचं. एका दुपारचं काम असायचं, पण तेवढ्यात, चटईवर बसूनच, त्यांच्यासोबत मी दोन-तीन लग्नांना जाऊन आलेली असायची.

बँडचा खर्च कुठे संपतो आणि घरचा कुठे सुरू होतो, हे त्यांना कधी पटलं नाही. गणवेशाची शिलाई बँडची, हे ठीक. पण सरावाला आलेल्या वादकांसाठी त्यांची बायको मटण शिजवायची, तो सिलिंडर कोणाचा? मी म्हणायची, घरचा. ते म्हणायचे, "बाय, बँड आमच्या घरातच झोपतो ना?" ते खोटंही नव्हतं. ढोल पलंगाखाली असे आणि ट्रम्पेट त्यांच्या उशाशी. शेवटी मी सिलिंडर घरखर्चात टाकायची आणि ते तो गठ्ठा जरा बँडच्या गठ्ठ्याजवळ सरकवून ठेवायचे.

एका वर्षी त्यांनी न गुणगुणताच एक बिल काढलं आणि दुरुस्तीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. ते दातांच्या डॉक्टरचं होतं. पुढचे दात काढून कवळी बसवल्याचं. मी ते उचललं आणि समजावलं, मास्तर, हा तुमचा स्वतःचा वैद्यकीय खर्च, धंद्यात धरता येत नाही. एरवी त्यांनी वाद घातला असता. त्या दिवशी त्यांनी बिल माझ्या हातातून परत घेऊन गुडघ्यावर सपाट केलं.

"पन मोडलं ते ट्रम्पेटच ना," ते म्हणाले. "फुंक जाते, बाय. सूर नाय येत."

गावात त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगी रिटा बँडमध्येच कॉर्नेट, ट्रम्पेटसारखंच पण जरा आखूड वाद्य, वाजवायची, तिला मात्र माहीत होतं. वादकांना कळलं तर बँड फुटेल, मुलीच्या मागे ते चालणार नाहीत, अशी त्यांना भीती होती.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला गावातल्या एका लग्नाला बोलावलं. संध्याकाळचं पिवळं ऊन केळीच्या पानांवर होतं. वऱ्हाड देवळातून निघालं आणि बँड पुढे आला. सगळ्यांत पुढे मास्तर. ट्रम्पेट ओठांना, डोळे मिटलेले, बोटं कळांवर अचूक पडताहेत, गाल फुगताहेत. आणि सूर येत होता तो त्यांच्या पाठीशी चालणाऱ्या रिटाच्या कॉर्नेटमधून. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक मास्तरांकडे पाहून डोलत होते. त्या गर्दीत हे मलाच ठाऊक होतं, आणि तरी थोड्या वेळानं मलाही वाटायला लागलं की तेच वाजवताहेत.

हे वर्षभर चाललं. मग देवळाच्या सणाला, मिरवणूक ऐन रंगात असताना, मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं, मागे वळून ते रिटाच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला झाले. हे मला तिनंच सांगितलं. वादक क्षणभर अडखळले. मग जुना ढोलवाला, कोणाकडेही न पाहता, ठेका धरून पुढे निघाला आणि बाकीचे त्याच्यामागे. मास्तर कडेच्या लोकांत उभे राहून ऐकत होते. एवढ्या वर्षांत आपला बँड त्यांनी समोरून कधी ऐकलाच नव्हता. रात्री जेवताना ते तिला म्हणाले, "बरा वाजतो आपला बँड."

मास्तर गेले ते पुढच्या वर्षी, नाताळच्या आधी. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वर्षीच्या जूनमध्ये. बँड आता रिटाच्या नावावर होता. तिची बिलं मोबाइलवर, खात्यांनुसार लावलेली, कागद थोडेच. मास्तरही सोबत आले होते. त्यांनी विचारलं, माझी सही लागेल काय? मी म्हटलं, आता नाही लागणार. त्यांनी मान हलवली, तरी चटई अंथरायला लावली, तिच्यावर बसले आणि बसल्या बसल्या आडवे झाले. आम्ही दोघी हळू आवाजात काम करत राहिलो. एक पावती त्यांच्या कोपराखाली गेली होती. रिटा ती काढायला वाकली, मग तशीच राहू दिली.

ऊन उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"झालं काय गं तुमचं?"

"झालं, मास्तर."

"मग तरी थोडं थांबा," ते म्हणाले आणि कूस बदलून पुन्हा झोपले.