अमेरिकेची काकवी

अमेरिकेची क्रांती काकवीवरून झाली, असं मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जवळजवळ दोन वर्षं सांगत होते आणि मला कुणीही अडवलं नाही. अडवणार कोण? हमाल ऐकत, दिवाणजी लिहिता लिहिता ऐकत, आणि गुळाच्या रव्यांना, म्हणजे मोठ्या ढेपांना, टेकून बसलेले माझे मामा तर इतके रंगून ऐकत की सौद्याची वेळ झाली तरी त्यांना उठवावं लागे.

मामांचं गुळाचं अडत दुकान होतं. शेतकऱ्यांचा गूळ त्यांच्याकडे उतरायचा, तिथंच त्याचा सौदा व्हायचा आणि मामांना त्यावर अडत, म्हणजे दलाली, मिळायची. मी पेठ वडगावहून त्यांच्याकडे आले ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. करायला. तीन वर्षांसाठी आले आणि सात वर्षं राहिले, कारण पदवी मिळाली तरी माझे नाद काही संपेनात.

नाद हा आमच्याकडचा फार मानाचा शब्द आहे. कुणाला कुस्तीचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा, कुणाला शर्यतीत म्हशी पळवायचा, आणि नादापायी माणूस जेवायचं विसरला तर गल्ली त्याचं कौतुकच करते. पण हे झालं पुरुषांचं. मुलीला नाद असला तर तो भरतकामाचा असावा, तोही एकच असावा, असं माझ्या वडिलांचं, अण्णांचं मत होतं. अण्णा महिन्यातून एकदा वडगावहून यायचे, माझ्या टेबलाकडे बघायचे आणि मामांना म्हणायचे, "हिला कायतरी एक धरायला सांगा की." मामा म्हणायचे, "धरंल की. बघतीया अजून."

मी बघत होते खरी, आणि काय काय बघत होते! पहिला नाद शेअरचा. नवी कंपनी बाजारात येणार असली की दिवाणजी अर्जांचा गठ्ठा घेऊन यायचे आणि सगळं यार्ड ते भरायला बसायचं. मला अर्जापेक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या बारीक टायपातल्या माहितीचं वेड लागलं. त्यात 'धोक्याचे घटक' नावाचा भाग असतो. कंपनी आपल्या तोंडानं सांगते की आमचा माल खपेलच असं नाही, आमच्यावर दावे आहेत, आमचा कारखाना अजून बांधून व्हायचाय. इतका प्रामाणिक मजकूर मी दुसरीकडे कुठंच वाचला नव्हता. लोक मालिका बघतात तशी मी ते जेवताना वाचायचे. शेअर मी घेतले फक्त एकदा, आणि त्या कंपनीचा कारखाना शेवटपर्यंत बांधून झाला नाही.

रसायनशास्त्र तर रीतसर शिकत होते, पण ते कॉलेजात ठेवून येणं मला जमत नसे. मामींचं ताक, लोणच्याचा खार, बंबाचं पाणी, सगळ्यात माझी लिटमसची पट्टी बुडून यायची. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही लोक रस उकळताना हायड्रॉस पावडर घालतात. असा गूळ दुकानात आला की माझे हात शिवशिवायचे. एकदा ऐन गिऱ्हाइकासमोर मी परीक्षानळी काढली आणि गूळवाल्याचा चेहराच गुळापेक्षा पिवळा पडला. त्या दिवशी मामांनी मला एकच नियम घालून दिला: सौदा संपेपर्यंत नळी काढायची न्हाय.

आणि इतिहास? तो मला चुकून लागला. बिंदू चौकाजवळच्या एका रद्दीच्या दुकानात मी रसायनाची जुनी पुस्तकं शोधत होते. एका जाडजूड, वेष्टन फाटलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या उघड्या पानावर तांब्याच्या मोठ्या भांड्याचं चित्र होतं, वरून वाकडी नळी काढलेली. ऊर्ध्वपातनाचा धडा असणार म्हणून मी ते वजनावर घेतलं. घरी येऊन बघते तर अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आधीचा तिथला इतिहास, आणि ते भांडं होतं रम गाळायचं. परत द्यावं म्हणून उठले, तेवढ्यात दोन ओळी वाचल्या. मग चार पानं वाचली. संध्याकाळी मामी सूर्य मावळायच्या आत जेवून घे म्हणून हाका मारत होत्या, आणि मी त्या सातासमुद्रापलीकडच्या बंदरात उभी होते.

किती मजा होती त्या पुस्तकात! तंबाखूच्या पानांनी पगार देणारे लोक, कागदावर कर बसवला म्हणून दंगा करणारे लोक, चहाच्या पेट्या समुद्रात ओतणारे लोक. आणि ह्या सगळ्याच्या आधी एक जकात होती, मोलॅसिसवरची. शब्द नवा होता. शब्दकोशात पुढं दोन अर्थ दिले होते: काकवी, मळी. मी पहिला घेतला.

मळी कोण घेईल? मळी म्हणजे साखर कारखान्यात सगळी साखर काढून घेतल्यावर उरतं ते काळं चिकट पाणी, ज्याचा वास कारखान्यावरून मोटार पुढं गेली तरी नाकातून जात नाही. काकवी म्हणजे गुऱ्हाळावर रसाचा गूळ व्हायच्या थोडं आधी काहिलीतून काढून घेतलेलं सोनं. ज्या वस्तूसाठी माणसं राजाशी भांडली, ती काकवीच असणार. रसायनशास्त्राच्या पदवीधर बाईनं असा विचार केला, हे मी आज लाज न वाटून घेता लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी मामांना सांगितलं की इंग्लंडच्या राजानं काकवीवर जकात बसवली होती.

मामा ताठ बसले. "काकवीवर? खायच्या जिनसावर?"

"व्हय. मग लोकांनी चोरून आणायला सुरुवात केली."

"आणतीलच की," मामा म्हणाले. ते स्वतः जकात नाक्यावर पै न् पै भरणारे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी बाजू घेतली ती चोरांची. मग थोडा विचार करून म्हणाले, "पर येवढी काकवी लागायची कशाला त्यास्नी?"

इथं मी अडकले. आम्ही जैन, त्यात मामा फारच कडक. रस्त्यात परमिट रूम लागली तर छत्री त्या बाजूला धरणारे. रमचं नाव काढलं असतं तर मामा उठून सौद्याला गेले असते आणि माझा हक्काचा श्रोता गेला असता.

"भाकरीबरोबर खायचे," मी म्हणाले.

मामा खूश झाले. तिथून पुढं दोन वर्षं मी त्यांना सगळी अमेरिका सांगितली, फक्त रम गाळून. फार अवघड काम होतं ते. त्या पुस्तकात दर दहा पानांनी कुणीतरी रम पितो, विकतो किंवा तिच्या बदल्यात काहीतरी विकत घेतो, आणि प्रत्येक वेळी मी त्याच्या हातात काकवी देत होते.

मग कोल्हापुरात इंटरनेट आलं आणि माझं डोकं पुरतं फिरलं. राजारामपुरीत वेबसाइट बनवायचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला. फी मामांनी भरली, अण्णांना न सांगता. आपण इकडं चार अक्षरं लिहायची आणि तिकडं पडद्यावर रंग उमटायचा, हे बघून पहिल्या दिवशी मी वर्गात एकटीच हसत बसले होते. शिकून झाल्यावर पहिली साइट अर्थात मामांच्या दुकानाची केली. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, उजवीकडून डावीकडं पळणारी एक ओळ, टोपी घातलेल्या मामांचा फोटो, आणि खाली किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. मामा रोज विचारायचे, "आज किती पावणं आलं?" मी खरा आकडा सांगायचे. त्यातले बहुतेक पावणे मीच होते, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

साइटवर मी मामांचा माल इंग्रजीत लिहिला होता. गुळासाठी जॅगरी. काकवीसाठी, झोकात, प्युअर कोल्हापुरी मोलॅसिस.

पावसाळ्याच्या अखेरीस अमेरिकेहून ई-मेलनं पत्र आलं. सायबर कॅफेत मी ते तीनदा वाचलं, शेजारच्या अनोळखी बाईंना वाचून दाखवलं, कागदावर छापून घेतलं आणि रिक्षासुद्धा न करता यार्डापर्यंत पळत गेले. दोनच ओळी होत्या: तुमचं मोलॅसिस बघितलं, दर महिन्याला किती देऊ शकाल?

मामांनी मला तो कागद पुन्हा पुन्हा वाचायला लावला. मग टोपी सरळ केली आणि गुळाच्या पेठेत पेढे वाटले. ज्यांच्याशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं त्यांनासुद्धा दिले. आमचं ह्या धंद्यात काय राहिलं न्हाय, असं दहा वर्षं म्हणणारे मामा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आमच्या पोरीनं अमेरिकेत काकवी लावली." कोडोलीच्या दोन गुऱ्हाळवाल्यांना त्यांनी शब्द दिला: हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरा दिवसांची काकवी माझी, तुम्ही ती दुसऱ्या कुणाला देऊ नका. यार्डात मामांचा शब्द म्हणजे कागद लागत नसे. मी शेअरच्या माहितीपत्रकासारखं एक टिपण करून त्यांना दिलं, धोक्याच्या घटकांसकट: जहाज बुडेल, डबे गळतील, मुंग्या लागतील. मामांना ते फार आवडलं, विशेषतः मुंग्या. शब्दच चुकला असेल, हा घटक त्यात नव्हता.

मधल्या काळात मी अमेरिकेला उलट पत्र लिहिलं होतं. दर विचारला होता आणि उत्सुकतेपोटी हेही की तुम्ही ही कशासाठी घेता. उत्तर आलं ते नेमकं कोडोलीकर विसाराचे आगाऊ पैसे घ्यायला यायचे त्याच दिवशी सकाळी. गृहस्थ फार नम्र होते. आमची छोटी भट्टी आहे, आम्ही जुन्या पद्धतीनं रम गाळतो, साखर पूर्ण काढून घेतलेला काळा, दाट माल हवा आहे, तुमचा तसाच असेल अशी आशा.

शब्दकोशातला दुसरा शब्द माझ्या डोळ्यांपुढं आला. मळी. काकवी फुकट गेली याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. माझे हे सगळे नाद ज्या एका माणसानं पोसले, त्याचा शब्द मी यार्डात खोटा पाडला होता, आणि वर त्या माणसाचा टोपीतला फोटो दारूच्या मालाशेजारी छापला होता.

दुकानात मामा एकटेच होते. छापून आणलेलं उत्तर पुढं धरून मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"रम म्हंजे?" मामांनी विचारलं.

"दारू."

"काकवीची?"

"काकवीची न्हाय, मामा. मळीची. माझा शब्द चुकला."

मामांनी माझ्या हातातला कागद घेतला. त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, "आणि त्या राजाच्या जकातीचं?"

"ती पण मळीच. तवाबी दारूच करायचे."

"दारूचं तुला ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासनं," मी म्हणाले आणि रडू लागले. कोल्हापुरात माणूस ओरडला तर काळजीचं कारण नसतं, पण मामा ओरडले नाहीत. त्यांनी टोपी घातली आणि ते समोरच्या चहाच्या गाड्याकडे निघाले. तिथं कोडोलीचे दोघं येऊन बसले होते आणि भोवती पाचसहा अडते जमले होते. मी मागोमाग गेले, कारण शिव्या खायच्याच तर समोर उभं राहून खाव्यात असं मला वाटलं.

"काकवीचं जमत न्हाय," मामा कोडोलीकरांना म्हणाले. "त्यास्नी मळी पायजे, दारूला. तुमची काकवी मी शब्द दिलाय तशी घेनार, हितंच इकीन. पर अमेरिकेचं मिटलं."

एकजण मोठ्यानं हसला. "पोरीनं घोळ केला म्हना की."

"पोरीचं काय न्हाय त्यात," मामा म्हणाले. "तिनं मला इचारलं हुतं. काकवीला इंग्रजीत काय म्हनायचं म्हनून. मीच म्हटलं, मोलॅसिस लिव्ह."

आता सगळेच हसले. मामांना इंग्रजीत सहीसुद्धा येत नव्हती, हे यार्डातल्या बैलांनाही माहीत होतं. "तुमी सांगितलासा? इंग्रजी?" दुसऱ्यानं विचारलं. "परत म्हना बघू."

"मोलॅसिस," मामा म्हणाले. तोंड लाल झालं होतं, पण त्यांनी शब्द बरोबर म्हटला. "माजीच चूक हाय. तिनं इचारलं हुतं मला."

मी त्यांना कधीच काही विचारलं नव्हतं. गुळाचा दर सोडला तर मामा खोटं बोलत नसत, त्यामुळं त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. लोक हसत राहिले, आणि चहा संपेपर्यंत मामा तेच सांगत राहिले.