पुढच्या माणसाचा नंबर

माझं शेवटचं पोस्टिंग चौदा हजार फुटांवरच्या एका चौकीवर होतं. आम्ही सहा जण. चौकीप्रमुख मी, हवालदार, गाव कडेगावजवळ. माझ्या हाताखाली नाईक संपत, फलटणकडचा. आपल्या भागातला माणूस भेटला म्हणून पहिला आठवडा मी खूश होतो. पुढचे सहा महिने त्याच्यावर जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं सांगायला सोपं जाईल.

चौकीचा जीव म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण. पुढची भिंगं चहाच्या बशीएवढी. थर्मल कॅमेरा बिघडून खाली बेसला गेला होता, त्यामुळे समोरची रिज, म्हणजे डोंगराची धार, रात्रंदिवस दुर्बिणीतूनच बघायची. पाळी दोन तासांची. दुर्बिणीच्या दोन्ही डोळ्यांना फिरती कडी होती आणि कड्यांवर आकडे. प्रत्येकाची नजर वेगळी, म्हणून प्रत्येकाचा नंबर वेगळा. पाळी संपली की पुढच्या माणसाचा नंबर लावून उठायचं, हा चौकीचा रिवाज. अंधारात त्याला चाचपडत बसायला लागू नये. संपतचा नंबर उजवा अधिक दोन, डावा उणे एक. माझा दोन्हीकडे शून्य, म्हणजे नजर चोख. तरी दिसायचं त्यालाच.

अमावास्येच्या आसपास रिज नुसती काळी भिंत व्हायची. तेव्हा बाकीचे कंटाळायचे आणि संपत खुलायचा. दुर्बीण जरा वर करून तो तारे बघायचा. साध्या डोळ्यांना कृत्तिका म्हणजे पाच-सहा ठिपके. दुर्बिणीत तिथे ज्वारी सांडल्यासारखे तारे दिसायचे. ते मला त्यानेच दाखवले आणि मी म्हणालो, "बरं, बरं. रिज बघ." वहीत तो लिहून ठेवायचा, कुठला तारा रिजच्या कुठल्या खाचेत किती वाजता बुडतो. तोच तारा रोज चार मिनिटं आधी बुडतो, हेही त्यानेच सांगितलं.

कॅप्टनसाहेब वर आले की माझा रिपोर्ट दोन मिनिटांत उरकायचे. मग संपतशेजारी तासभर मांडी घालून बसायचे. "संपत, आज क्या दिखाओगे?" मी अठरा वर्षं नोकरी केलेला माणूस, त्या दोघांना चहा द्यायचो. अंगाचा तिळपापड व्हायचा. मग मी एक क्षुद्र गोष्ट सुरू केली. माझ्यानंतर संपतची पाळी असली की कडी माझ्याच शून्यावर ठेवून उठायचो. तो गारठलेल्या बोटांनी कडी फिरवायचा. त्याच्यानंतर मी बसलो की मात्र माझे दोन्ही शून्य लावलेले असायचे. त्याचाही मला राग यायचा.

ती सर्वपित्री अमावास्येची रात्र होती. संपतची पाळी बारा ते दोन, पुढची माझी. दोन वाजून गेले तरी तो उठेना.

"उठ की. दोन वाजून गेले," मी म्हणालो.

"अभिजितचा तारा बुडाय आलाय, उस्ताद. दोन-धाला बुडल. तेवढं बघतो आन उठतो."

बरोबर ०२१० ला त्याने मान वर केली.

"उस्ताद, अभिजित खाचंत इझला. परत दिसला, आन मग बुडला."

"मग?"

"बुडल्याला तारा परत येत न्हाई. खाचंतनं कोनतरी आडवं गेलंय. रेडिओवर सांगूया."

मी त्याला बाजूला केलं. कडी शून्यावर आणली आणि बघितलं. काळी भिंत, दुसरं काही नाही.

"काय सांगू साहेबांना? तारा मिचकला म्हणून? आता ताऱ्यांचा रिपोर्ट द्यायचा का?"

"लय नीट बघितलंय, उस्ताद."

"तूच एकटा बघतोस. आमाला डोळं न्हाईत."

खरं सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसला होता. तो कधीच चुकत नव्हता आणि तेच मला सहन होत नव्हतं. सकाळी कॅप्टनसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारतील, हे मला आत्ताच दिसत होतं. मी उठलो, आकडे माझ्याच नंबरवर ठेवले आणि चहा गरम करायला आत गेलो. दुर्बिणीवर त्यालाच बसवलं. "बघ अजून, हौस असेल तर."

०२२५ ला त्याने मला न विचारता हँडसेट उचलला.

"चार्ली टू अल्फा. खाचंच्या खाली हालचाल. दोन तारे झाकले गेले. ओव्हर."

पलीकडून कॅप्टनसाहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. "रॉजर. स्टँड टू," म्हणजे सगळे मोर्चावर. दोन मिनिटांत खालच्या मुख्य पोस्टवरून प्रकाशगोळा उडाला. उतारावर पाच माणसं होती, आमच्यापासून दोनशे मीटरवर. इतकी जवळ यायला त्यांना पंधरा मिनिटं मिळाली होती.

फायरिंग वीस मिनिटं चाललं. मुख्य पोस्टच्या मशीनगनला नेम सांगायला कोणीतरी दुर्बिणीवर राहणं भाग होतं. दुर्बीण चौकीच्या दगडी भिंतीच्या बाहेर होती. संपत तिथेच राहिला. "उजवीकडं पन्नास. अजून खाली." मग आवाज थांबला. गोळी मानेत लागली होती. ०३०५ ला तो माझ्या मांडीवर गेला. बाकी पाच जण वाचलो.

लॉगबुक मी लिहिलं. पहिली हालचाल दिसली, वेळ ०२२५. त्याच्या वहीत मात्र पेन्सिलने लिहिलेलं होतं, "०२१०. अभिजित गेला, आला. उस्तादांना सांगितलं." त्याचं सामान घरी गेलं. वही मी ठेवून घेतली.

निवृत्त झाल्यावर मी तशीच मोठी दुर्बीण घेतली. कडेगावच्या डोंगरावर अंधार चांगला असतो. गावातली माणसं बघायला येतात. मी कृत्तिका दाखवतो, खाचेतला तारा दाखवतो. "मेजरना लय म्हाईती हाय," ती म्हणतात; गावात निवृत्त फौजी म्हणजे मेजरच. मी मान डोलावतो. त्यातला एकही शब्द माझा नसतो. तिकडे फलटणजवळ संपतच्या गावात त्याच्या नावाची कमान उभी राहिली. फोटो बघून मला वाईट वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला. मेलेल्या माणसाचाही हेवा करणारा मी, तेव्हा स्वतःची लाज वाटली.

यंदा सर्वपित्रीला दुर्बीण आणि वही गाडीत घालून मी त्याच्या गावी गेलो. संपतच्या पत्नी सुनंदावहिनी अंगणवाडीत काम करतात. संध्याकाळी उसाच्या कडेला, त्यांच्या अंगणात बसून मी सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं सांगितली. का घालवली तेही सांगितलं. वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ०२१० च्या त्या ओळीवर बोट ठेवलं. आत पाण्याची मोटार चालू होती, ती जाऊन बंद करून आल्या.

"पंदरा मिन्टं," त्या म्हणाल्या. "ते मी इसरनार न्हाई, भाऊजी. इसरा असं तुमीबी म्हनू नका."

"नाही म्हणत."

"पन तुमी जळत हुता, ते त्यास्नी म्हाईत हुतं. पत्रात लिवलेलं. 'उस्ताद माझ्यावर लय जळत्यात. पन रोज रातीला माझ्याच शेजारी बसत्यात.'"

मला खाली बघावं लागलं.

आठ वाजले. दिवे गेले होते. अभिजित पश्चिमेकडे उंच होता. वहिनींनी तिपाईकडे बोट केलं.

"ह्यातनं बघायचं ते?"

"अशाच दुर्बिणीतून."

"मग त्यांचा नंबर लावा. त्यास्नी कसं दिसत हुतं ते बघायचंय."

सहा महिन्यांत मी तो एकदाही लावला नव्हता. तरी पाठ होता. उजवा अधिक दोन, डावा उणे एक. अंधारात माझी बोटं न चुकता त्या आकड्यांवर गेली.

त्यांनी डोळे लावले.

"मला तर समदं धूसर दिसतंय."

"त्याला स्वच्छ दिसायचं, वहिनी," मी म्हणालो. "आम्हा सगळ्यांत त्यालाच दिसायचं."

आता डोंगरावरून उठताना मी दुर्बीण झाकायच्या आधी रोज तोच नंबर लावून ठेवतो. माझ्यानंतरची पाळी नाईक संपतची आहे.