पुस्तकात नसलेला आवाज

शर्टाला शेवटचा हात जिथे लागतो ती खोली शिवणाऱ्यांच्या खोलीपेक्षा शांत असते. मशिनींची घरघर भिंतीपलीकडे राहते. अलीकडे बटणं लावायची, लोंबते धागे कातरायचे, कॉलर ताठ बसते का बघायचं आणि घडी घालून पिशवीत सरकवायचं. हात कामात गुंततात, कान रिकामे राहतात. आणि रिकामे कान फार वाईट. त्यांना काही दिलं नाही तर ते शेजारणीच्या संसारात शिरतात. म्हणून त्या खोलीत वाचनताई होती.

तिचं खरं काम बटणांचं. पण दुपारी जेवणं उरकली, डबे विसळून झाले, की ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची आणि पुस्तक उघडायची. तिच्या वाट्याचे शर्ट बाकीच्या जणी आपसात वाटून घ्यायच्या. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच सांगता येत नसे. खोलीवर देखरेख करणारी मुकादमबाई सुरुवातीला गुरगुरली होती. पण गोष्ट रंगली की एकही बाई जागेवरून उठत नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि मग तीच दाराला टेकून ऐकायला लागली.

वाचनताईची शाळा फार लवकर सुटली. पुढचं तिने आपलं आपण केलं. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद, दवाखान्यातली फाटकी मासिकं, कुणीतरी टाकून दिलेल्या कादंबऱ्या, हाती लागेल ते वाचलं. पण तिला खरी देणगी होती ती गळ्याची. गोष्टीतला म्हातारा बोलायला लागला की तिच्या तोंडातले दात गेल्यासारखे वाटत. फौजदार बोलला की मुकादमबाईसुद्धा नकळत सरळ उभी राहायची. एकदा ऐकलेला माणूस तिच्या गळ्यात कायमचा मुक्कामाला येई. ती घरून वाचून येत नसे. "गोष्ट गरमच वाढावी," असं म्हणायची. या गुणाचा तिला गर्व होता, आणि तो तिने कधी झाकून ठेवला नाही.

तिच्या स्टुलाला लागूनच घडीवालीचं टेबल. घडीवाली समुद्रापलीकडच्या मुलखातली, नवऱ्यामागून इथे आलेली. रंगाने काळीभोर, उंच, लांब हातांची. शर्ट तिच्या हाताखालून गेला की पाहुण्यांपुढे सावरून बसलेल्या माणसासारखा दिसायचा. आली तेव्हा तिला इथल्या भाषेचं अक्षरही येत नव्हतं. ती सगळी भाषा वाचनताईच्या तोंडून शिकली, दुपारी, घड्या घालता घालता. त्यामुळे झालं असं, की बाजारातल्या बोलीआधी तिच्या जिभेवर पुस्तकातली भाषा बसली. एकदा कामावर यायला उशीर झाला तेव्हा ती मुकादमबाईला म्हणाली, "विलंबाबद्दल क्षमा असावी. मार्गात विघ्न आलं."

मुकादमबाई रागवायचं विसरली.

"अगं, ही कुठल्या राजवाड्यातून येते कामाला?" बटणवाली म्हणाली. बटणवाली ही खोलीतली सगळ्यांत तोंडाळ बाई, सुईपेक्षा जीभ धारदार. सगळ्या हसल्या. घडीवालीही हसली.

भाषा आली तरी सूर मात्र तिने आपल्या मुलखातून आणलेलाच राहिला. वाक्याचं शेवटचं टोक ती जरा वर उचलून धरायची, होडी वाळूवर ओढून घेतात तसं. संध्याकाळी दोघी बसथांब्यापर्यंत बरोबर जायच्या. घडीवाली दिवसभरात अडलेला शब्द विचारायची, "ताई, 'हुरहुर' म्हणजे दुखतं का?" आणि वाचनताई चालता चालता समजावायची. तेवढ्या वाटेपुरती ती कुणाची तरी मास्तरीण असे. अख्ख्या दिवसातलं ते चालणं तिला सगळ्यांत मोलाचं वाटे.

आता त्या कादंबरीचं सांगायला हवं. भुताची कादंबरी. वाचनताईने ती सोळाव्या वर्षी वाचली होती, घरच्यांपासून लपून, माळ्यावर बसून. टेकडीवरचा बंगला, थेंब थेंब पाण्याचा आवाज, आपोआप उघडणारं दार. तेव्हापासून ती त्या पुस्तकाची कीर्ती गात आली होती. कुठलीही भयाची गोष्ट संपली की तिचं ठरलेलं, "हे काहीच नाही. ती कादंबरी मिळू दे, मग बघा कशी बोबडी वळते."

"तुझी ती कादंबरीच भूत आहे," बटणवाली म्हणायची. "बघितली कुणीच नाही, नाव मात्र रोज निघतं."

आणि एका सुट्टीच्या दिवशी रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती सापडली. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी पडलेली. हरवलेलं मूल सापडावं तसं वाचनताईने तिला छातीशी धरून घरी आणलं.

पहिले दिवस झकास गेले. पाण्याच्या थेंबाचा आवाज तिने टाळूला जीभ लावून असा काढला की पाण्याच्या टाकीकडे एकटी जायला कुणी तयार होईना. जोडीजोडीने जायच्या. एकदा घडीवालीचे हात अर्ध्या घडीवर थांबले.

"ताई, दार कुणी उघडलं?"

"उद्या."

"हा अन्याय आहे," घडीवाली म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं.

मग बंगल्यात दाई आली. दूरच्या काळ्या मुलखातून मालकिणीसाठी आणलेली दाई. ती अंधारात उभी राहिली तर नुसते दात आणि डोळे दिसत, असं लेखकाने लिहिलं होतं. तिच्या अंगाला जनावराचा वास येई, असंही लिहिलं होतं. वाचनताईच्या तोंडून हे सगळं गेलं, पण तिच्या मनाला त्याचा पत्ता लागला नाही. मन पुढच्या ओळीवर होतं. पुढच्या ओळीत दाई बोलणार होती, आणि नव्या माणसाला नवा आवाज द्यायचा होता. तिने गळ्यात हात घातला आणि हाताशी आला तो आवाज बाहेर काढला.

"मालकीणबाई, हे दार लावू नका."

टोक वर उचललेलं. होडी वाळूवर ओढल्यासारखं.

खोली खदखदून हसली. आवाज हुबेहूबच होता. बटणवालीने डोळे पुसले आणि म्हणाली, "अगदी अस्सल." वाचनताईला ते हसणं चढलं. दाईचं दुसरं वाक्य तिने आणखी ओढलं, तिसरं त्याहून. त्यापुढे लेखकाने लिहिलं होतं, त्या लोकांचं रक्तच तसं, कितीही दूध पाजा, ते रानालाच ओळखतं. तेही तिने ठसक्यात वाचलं. आणि तेव्हा कुठे तिच्या कानांनी तिचं तोंड ऐकलं.

शेजारी घड्यांचं काम चालूच होतं. एक बाही आत, दुसरी बाही आत, खालचा घेर वर. वाचनताईला मान वळवायचा धीर होईना. थांबायचं तर तिथे होतं. ती थांबली नाही. दाईचे शब्द आले की आवाज सपाट करून, निखाऱ्यावरून चालावं तशी भराभर वाचत ती प्रकरणाच्या शेवटाला जाऊन पोचली. कारखाना सुटला तेव्हा घडीवालीच्या खुंटीवरची पिशवी केव्हाच गेलेली होती.

त्या संध्याकाळी वाचनताई चुलीपाशीच पाटावर बसली आणि उरलेली कादंबरी वाचून काढली. भाजी करपली. नवऱ्याने डोकावून विचारलं, "घाबरलीस की काय?"

"हो," ती म्हणाली.

गोरी मालकीण दर जिन्यावर बेशुद्ध पडत होती. मोठ्याने हसणारी मोलकरीण सगळ्यांआधी मरत होती, आणि लेखकाला त्याचं समाधान वाटल्यासारखं दिसत होतं. एकटी राहणारी शेजारीण एकटी राहते म्हणूनच वेडी होत होती. पुरुष तेवढे कंदील घेऊन शहाण्यासारखे हिंडत होते. शेवटी सगळं खापर दाईवर फुटत होतं. आणि भूत म्हणावं असं जे काही होतं ते त्या दाईच्या कातडीतच होतं. तेवढं काढून घेतलं तर बंगल्यात नुसता एक गळका नळ उरत होता. या नळासाठी तिने आयुष्यभर ढोल वाजवला होता.

सोळाव्या वर्षी हे दिसलं नव्हतं का? दिसलं होतं, ओळ अन् ओळ. तिला आठवलं, त्या दिवसांत ती तोंडाला पीठ चोळून आरशापुढे बेशुद्ध पडायचा सराव करायची. ती स्वतः कुठे गोरी होती? "उन्हात जाऊ नकोस, आणखी करपशील," असं आईचं रोजचं पालुपद. तरीही ते पुस्तक वाचताना ती एकदाही दाई झाली नव्हती. प्रत्येक वेळी मालकीणच झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने एक युक्ती केली. पुस्तक उघडलं आणि मनानेच रचून वाचायला लागली. दाई शहाणीसुरती झाली. मालकीण शुद्धीवर राहिली. मोलकरीण हसूनसुद्धा जगली.

"अगं, कालचा आवाज काढ की," बटणवाली म्हणाली. "दाईला पडसं झालंय का आज?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. वाचनताई न ऐकल्यासारखं करून पुढे चालली.

"ताई, तुम्ही आज पुस्तक वाचत नाही," घडीवाली म्हणाली. कालपासून तिने काढलेला हा पहिला शब्द.

"वाचते की."

"तुमचे डोळे ओळीवरून चालत नाहीत. पानही उलटलं नाही."

वर्षानुवर्षं ती त्याच तोंडाकडे बघत बोलायला शिकली होती. तिच्यापासून काय लपणार? वाचनताईने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"हे पुस्तक वाईट आहे," ती म्हणाली. "मी उगाच डोक्यावर घेऊन नाचले. काळ्या माणसाचं भूत केलंय. बायकांना एकतर बेशुद्ध पाडलंय, नाहीतर मारून टाकलंय. पुढचं मी वाचणार नाही."

"पुस्तकभर बेशुद्ध?" बटणवाली म्हणाली. "एवढी झोप मला कुणी दिली तर मी भुताचे पाय चेपीन."

"गोष्टच ती," कोपऱ्यातून कुणी म्हणालं. "मनावर कशाला घ्यायची?"

"शेवट तरी सांग," मुकादमबाई दारातून म्हणाली.

"दाईला जाळतात."

"कोण?" घडीवालीने विचारलं.

"सगळे मिळून."

घडीवालीने हातातला शर्ट पुरा केला, पिशवीत सरकवला, तळव्याने पिशवीतली हवा काढली. मग म्हणाली, "माझा आवाज पुस्तकात लिहिला होता का?"

दाई तोडकंमोडकं बोलते असं लेखकानेच लिहिलंय, हे वाचनताईला सांगता आलं असतं. पण लिहिलं नव्हतं. लेखकाने दाईला सरळ, साधी वाक्यं दिली होती. त्या भिकार लेखकालाही जे सुचलं नव्हतं ते तिने आपल्या पदरचं घातलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तो मी काढला."

"चांगला काढलात. बसमध्ये मुलं काढतात माझा आवाज, पण त्यांना जमत नाही. तुम्ही इतकी वर्षं मला जवळून ऐकलंत."

त्यात टोमणा नव्हता. असता तर वाचनताईला सोसायला सोपं गेलं असतं.

बटणवालीची सुई कापडात अडकून राहिली. "हसलो आम्हीही," ती हळूच म्हणाली.

"हसलात," घडीवाली म्हणाली, आणि तिने पुढचा शर्ट ओढला.

संध्याकाळी वाचनताईने पावलं उचलत तिला बसथांब्यावर गाठलं. चपलेचा अंगठा तुटला होता, तशीच फरफटत आली.

"माझं चुकलं गं."

"हो, बाई," घडीवाली म्हणाली. 'ताई' म्हणाली नाही. "आधी बोलायचे तेव्हा मला फक्त काय बोलायचं तेवढं कळायचं. आता तोंड उघडलं की माझा आवाज मला ऐकू येतो. तुम्ही काढलेला."

बस आली. घडीवाली चढली. वाचनताईलाही त्याच बसने जायचं होतं, पण तिचा पाय उचलला नाही.

त्यानंतर घडीवाली खोलीत मानेने आणि हातानेच बोलू लागली. हवं नको, झालं नाही झालं, सगळं मानेने. वाचनताईने स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि दुपारीही बटणंच लावायला लागली. बायकांनी चार वेळा म्हणून पाहिलं, "अगं, दुसरं काहीतरी वाच, आमचे कान गंजले." तिने मान हलवली. आपल्या गळ्याचा तिला आता धाक वाटत होता. कधी कुणाला धरून बाहेर काढेल, नेम नाही. घरी नवऱ्याची नक्कल करून मुलांना हसवायची, तेही तिने सोडलं.

एके दिवशी गठ्ठ्यातल्या शर्टांवर तेलाचे डाग निघाले. मुकादमबाई तडक घडीवालीच्या टेबलापाशी गेली.

"हात न पुसता घड्या घातल्यास का?"

मानेने भागणारं नव्हतं. घडीवालीने आधी वाचनताईकडे एक नजर टाकली. वाचनताईने झटकन डोळे बटणावर नेले आणि ओठ घट्ट मिटले, जणू आत काही भुंकायला टपलं होतं.

"डाग घडीच्या आत आहेत," घडीवाली म्हणाली. "म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीचे. मशिनीचं तेल आहे. वास घेऊन बघा."

ती सावकाश बोलली, एकेक शब्द तपासून. टोक कुठेही वर गेलं नाही. प्रत्येक वाक्य तिने जमिनीशी सपाट मिटवलं, घडी घालावी तसं.

मुकादमबाईने वास घेतला, गठ्ठा उचलला. जाता जाता कौतुकाने म्हणाली, "आता कसं छान बोलतेस. अगदी आमच्यासारखं."

घडीवालीने नवा शर्ट टेबलावर पसरला. वाचनताईच्या सुईतला दोरा संपला होता. ती तशीच बिनदोऱ्याची सुई बटणातून खाली-वर करत बसली. दोरा ओवायचा तर मान वर करावी लागली असती.