शेवटची पंगत

आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या सगळ्या नोंदी मी दोन उन्हाळ्यांत संगणकावर चढवल्या आणि आडनावावरून नाव शोधायचं एक पान तयार केलं. मी तिथला क्लार्क. आमचं आडनाव टाकलं की सहाशे चाळीस नावं यायची आणि मोबाईल अडकायचा. म्हणून मी मर्यादा घातली : फक्त पंचवीस, नवी नोंद आधी. दाखल्याला येतात ती हल्लीचीच मुलं, हा माझा हिशोब.

मग घोडेगावहून आत्या आली. वय चौऱ्याहत्तर. नातवंडं तिला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवत होती. ती चौथी शिकली, हे कुणाला पटतच नव्हतं. माझे वडीलही हयातभर हसत म्हणायचे, "चार दिवस गेली आसंल."

पंचवीस नावांत ती नव्हती.

"म्हंजी मी शाळंत न्हवतेच?"

"तसं नाही गं. एका वेळी पंचवीसच दिसतात."

"मंग दुसरी पंगत बसव की! बाया काय पहिल्या पंगतीला बसत्यात व्हय?"

पुढचं पान मी ठेवलंच नव्हतं. अर्धा तास खपून बटण केलं. तिचा शब्द डोक्यात होता, त्यावर "पुढची पंगत" असंच लिहिलं. गुरुजींनी घरचं नाव लावलं की पाळण्यातलं, हे तिला आता आठवत नव्हतं. म्हणून वडिलांच्या रकान्यात आजोबांचं नाव बघत पुढे गेलो. सव्विसाव्या पानावर पंधराच नावं होती. त्यात तिचं सापडलं, घरचंच. शाळा सोडल्याचं कारण : चौथी उत्तीर्ण.

दोन ओळी खाली माझे वडील. दुसरीतून नाव कमी, सतत गैरहजर.

मला हसू आलं. "आत्या, जिंकलीस की!"

ती हसली नाही. पदराने संगणकाचा पडदा पुसला आणि माझ्या वडिलांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"गुरं कुनीतरी राखाया पायजे हुती. तो म्हनला, मी राखतो, हिला जाऊ द्या."

वडिलांनी हे कधी सांगितलं नव्हतं. तिनेही नाही.

तिने दोघांच्या नोंदींची छापील प्रत मागितली. एकाच कागदावर.

मुख्याध्यापक म्हणतात, बटणावर "पुढील पान" असं नीट लिहा. करतो म्हणालो. अजून केलेलं नाही.